कूलर नंतर घ्या, आधी डोक्यावरचं छप्पर बघा

मार्च संपत आला की नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगाव, परभणी, कुठेही जा, लोक कूलरच्या दुकानात नाहीतर एसीच्या ईएमआयची चौकशी करत उभे असतात. छताकडे कोणी बघत नाही. छप्पर म्हणजे पाऊस अडवायची वस्तू एवढंच डोक्यात बसलंय, त्यामुळे निवडताना पण गळेल का, किती वर्षं टिकेल, किती फुटाने मिळेल एवढंच विचारतात, आणि मग मे महिन्यात दुपारी दोन वाजता पंख्याखाली बसून पंखाच गरम हवा फेकतो म्हणून पंख्याला शिव्या देतात. पंख्याचा काही दोष नाही हो, तो छताला चिकटलेली गरम हवाच खाली ढकलतोय.

आपल्याकडे छत एवढं महत्त्वाचं का ते आधी बघू. नागपूर साधारण 21 अक्षांशावर आहे, म्हणजे मे महिन्याच्या शेवटी भर दुपारी सूर्य जवळजवळ बरोब्बर डोक्यावर असतो. त्या वेळी भिंतींवर ऊन तिरपं घसरून जातं, सगळा मार गच्चीवर बसतो. भर दुपारी एका चौरस मीटरवर हजार वॉटच्या आसपास ऊन पडतं. 10 बाय 10 ची साधी खोली धरा, तिचं छत झालं नऊ चौरस मीटरच्या वर, म्हणजे खोलीवर नऊ इस्त्र्या चालू करून उलट्या ठेवल्यासारखं. आता हे सगळं आत येत नाही, पण छताचा रंग काय, ते कशाचं बनलंय आणि त्याच्या खाली-वर हवा खेळते का यावर त्यातलं किती आत येणार हे ठरतं. म्हणून माझं पहिल्यापासून एकच म्हणणं आहे की उष्णता छताच्या वरच अडवा. एकदा ती स्लॅबमध्ये किंवा पत्र्यात शिरली की आत बसून तिच्याशी भांडणं महागात पडतं, दर महिन्याच्या लाइट बिलात.

आता एक गैरसमज काढून टाकू. "जाड छत म्हणजे थंड घर" असं सर्रास बोललं जातं. ते अर्धंच खरंय. साधा पाच इंची आरसीसी स्लॅब उष्णता अडवत नाही, तो फक्त ती उशिरा आत सोडतो. दुपारी तो ऊन पीत बसतो आणि चार-पाच तासांनी, म्हणजे तुम्ही संध्याकाळी ऑफिसातून घरी येता तेव्हा, ती सगळी उष्णता खोलीत सोडायला लागतो. रात्री नऊला स्टुलावर उभं राहून छताला आतून हात लावून बघा, चटका नाही पण ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखं लागेल, आणि रात्री एक-दोन वाजेपर्यंत तसंच राहतं. टिनाचं बरोबर उलटं. नुसता टिनपत्रा सकाळी दहालाच तापतो, दुपारी त्या घरात बसणं अशक्य, पण सूर्य गेला की तासा-दीड तासात गार पडतो कारण त्याच्यात उष्णता साठवायला वजनच नाही.

मग निवडताना पहिला प्रश्न हा विचारायचा की घरात कोण कधी असतं. दोघं नवरा-बायको दिवसभर बाहेर, फक्त झोपायला घरी, तर उघडा स्लॅब त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू. घरात म्हातारे आई-बाबा, लहान पोरं, शिवणकाम करणारी बाई, म्हणजे दुपारी माणसं आहेत, तर उघडा पत्रा जीवघेणा. दुसरा प्रश्न, वर अजून मजला चढवायचाय का, कारण दोन वर्षांनी बांधायचं असेल तर गच्चीवर महागडा थर टाकून तो फोडण्यात काय अर्थ. आणि तिसरा म्हणजे घर स्वतःचं की भाड्याचं, कारण भाडेकरूला वर काही करता येत नाही आणि मालक म्हणतो "पंखा दोन नंबरने वाढवा".

जुन्या छपरांपासून सुरू करतो. कवेलू. विदर्भात कवेलू म्हणतात, बाकीकडे कौलं. आपल्या गावातली नळीची कवेलू दोन थरात उलटसुलट बसवलेली असतात, मध्ये भेगा असतात, त्या भेगांतून वरची गरम हवा निघून जाते आणि माती स्वतः उष्णता हळू नेते. म्हणून सेवाग्रामला बापूकुटीत मे महिन्यात शिरलात तरी बाहेरच्या आणि आतल्या हवेत फरक जाणवतो, मातीच्या भिंती आणि वर कवेलू, बाकी काही नाही. चपटी इंग्रजी कवेलू, म्हणजे मंगलोरी कौलं, ही 1865 ला मंगळूरला बासेल मिशनने कारखाना काढला तिथून पसरली. एक कवेलू अडीच-तीन किलोचं, चौरस फुटाला साधारण दीड लागतं, म्हणजे खालचा सांगाडा दमदार पाहिजे.

मग लोकांनी कवेलू का सोडली? माकडं. मुख्य कारण हेच. वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की पन्नास कवेलू फुटली, आणि कवेलू फेरणारा, म्हणजे काढून परत नीट बसवणारा माणूस आता मिळत नाही, मिळाला तर येत नाही. शिवाय चांगलं लाकूड परवडत नाही. यावर एक मधला रस्ता आहे आणि तो मला मनापासून आवडतो, तो म्हणजे लोखंडी पाइपचा सांगाडा, त्यावर साधा पत्रा, पत्र्यावर पट्ट्या मारून वर मंगलोरी कौलं. कौल फुटलं तरी पाणी पत्र्यावरून वाहून जातं, ऊन कौलावर पडतं आणि कौल-पत्र्याच्या मधल्या फटीतून हवा वर सरकत राहते. खर्च दुप्पट दिसतो खरा पण पत्र्याचं जे मुख्य दुखणं, ऊन थेट लागणं, तेच संपतं. कोकणात असं बरंच करतात. तिकडे वाऱ्याचा मार वेगळा, 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरूडकडे पत्रे आणि कौलं दोन्ही उडाली, म्हणून किनाऱ्याजवळ असाल तर बांधणी आणि स्क्रू यावर जास्त लक्ष द्या, गारव्याचा विचार त्यानंतर.

मराठवाड्यातलं माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काड्या आणि वर फूटभर पांढरी माती. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते आणि रात्री सवण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, गरम हवा बाहेर जाते. उत्तम आहे, पण दर पावसाळ्याआधी माती दाबायला माणूस पाहिजे आणि लाकडाला वाळवी लागली की काम मोठं. असेल तर सांभाळा, नवीन कोणी बांधेल असं वाटत नाही.

आता टिन, कारण खरं तर सगळ्यात जास्त घरं यातच अडकलीत. इथे दुकानदार तुम्हाला निळा नाहीतर लाल पत्रा दाखवणार, कारण तोच खपतो, गावातल्या सगळ्या टेरेसवर निळी शेड बघा. गडद रंग घेऊ नका. मिळत असेल तर पांढरा किंवा ऑफ व्हाइट घ्या, नसेल तर ऑर्डर देऊन थांबा, आठ दिवस गेले तरी चालतील. मग म्हणाल साधा चंदेरी गॅल्वनाइज्ड पत्रा काय वाईट, चमकतो की. चमकतो म्हणून ऊन बरंच परतवतो हे खरं, पण धातूचा एक वांधा आहे, तो एकदा तापला की ती उष्णता सहज आकाशाकडे सोडत नाही, धरून बसतो. पांढरा रंग दोन्ही कामं करतो, ऊन परतवतो आणि शिरलेली उष्णता सोडूनही देतो. आणि चंदेरी पत्रा दोन-चार वर्षांत मळतो, गंजतो, मग चमक पण गेली. (जाता जाता, हल्ली सगळ्यांकडे ती टेंपरेचर गन असते, ती चकचकीत पत्र्यावर धरली तर खूप कमी आकडा दाखवते, त्यावर विश्वास ठेवू नका. पत्र्याला कागदी टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि त्या टेपवर मोजा.)

खरेदी करताना जाडी विचारा आणि "पॉइंट पाच" एवढ्यावर थांबू नका, ती टीसीटी आहे की बीएमटी ते विचारा. टीसीटी म्हणजे वरचं कोटिंग धरून एकूण जाडी, बीएमटी म्हणजे नुसत्या लोखंडाची. कोटिंग एझेड 150 (अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचं, चौरस मीटरला 150 ग्रॅम) आहे का ते बिलावर लिहून घ्या. याचा गारव्याशी थेट संबंध नाही पण पत्रा टिकला तर पांढरा रंग टिकेल. स्क्रू मारताना रबरी वॉशर नीट बसतोय का ते बघत उभे राहा, ठेकेदाराचा पोरगा ड्रिल मशीनने इतका दाबतो की वॉशर चिरतो आणि पहिल्याच पावसात टिपटिप.

पत्र्याखाली काय घालायचं? बजेट असेल तर पफ पॅनल, म्हणजे वर-खाली पत्रा आणि मध्ये फोम भरलेलं सँडविच. 30, 40, 50 एमएममध्ये येतं. आपल्या भागात राहत्या घराला 50 च्या खाली जाऊ नका असं माझं मत. पावसाचा आवाजही कमी होतो, हा फायदा ज्यांच्या घरात लहान बाळ आहे त्यांना विचारा. बजेट नसेल तर पत्र्याखाली चंदेरी फॉइलची बबल शीट मिळते, स्वस्त आहे, पण लावायची पद्धत दहातल्या नऊ जणांची चुकते, पत्र्याला चिकटवून टाकतात. फॉइल काम करते ती समोर मोकळी हवा असेल तरच, पत्रा आणि फॉइलमध्ये निदान इंचभर फट पाहिजे, चिकटली की ती फक्त धातूचा अजून एक थर झाली. आणि छपराच्या उंच टोकाला, दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतीत जाळी ठेवा, तिथून गरम हवा बाहेर पडू द्या. छप्पर नवीन करत असाल तर उंचीत कंजूषी करू नका, कडेला नऊ-दहा फूट ठेवलं तर तापलेला पत्रा डोक्यापासून लांब राहतो.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल थोडक्यात. टिनापेक्षा दुपारी जरा बरा असतो, काळवंडला की तेवढाच वाईट. जुने पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असण्याची दाट शक्यता आहे आणि त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर कॅन्सर होऊ शकतो, तेव्हा घासायचे नाहीत, कापायचे नाहीत, कोरडे ब्रश मारायचे नाहीत. ओले करून हलक्या हाताने वरून पांढरा रंग देता येतो, पण त्यावर चालायचं नाही, फळी टाकूनच, पत्रा फुटून माणूस खाली येतो.

आता स्लॅब, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण घरकुलापासून बंगल्यापर्यंत सगळीकडे हाच आहे आणि सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. जुना करडा स्लॅब पडणाऱ्या उन्हातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास पिऊन टाकतो. तोच पांढरा केला तर नव्या पांढऱ्या थरावरून सत्तर-ऐंशी टक्के ऊन परत जातं. म्हणून तेलंगणाने 2023 मध्ये राज्याची कूल रूफ पॉलिसीच काढली आणि अहमदाबादमध्ये वस्त्यांमधली छपरं पांढरी केली गेली. जाहिरातीत "15 डिग्री गारवा" लिहिलेलं असतं ते गच्चीच्या पृष्ठभागाचं असतं, खोलीचं नाही. खोलीत दोन ते चार-पाच डिग्री धरा, तेवढं खूप आहे, कूलर लवकर पकड घेतो.

सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना. शिवरात्रीनंतर, मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उरकून घ्या. गच्ची झाडून, शेवाळ तारेच्या ब्रशने घासून, धुवून काढा. कळीचा चुना घेत असाल तर आदल्या दिवशी पत्र्याच्या किंवा लोखंडी भांड्यात भिजवा, प्लॅस्टिकच्या बादलीत नको, तो भिजताना उकळतो, आणि पोरांना लांब ठेवा, डोळ्यात उडाला तर फार वाईट. डोळ्याला चष्मा, हाताला हातमोजे, हे लाजायचं काम नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या साडीच्या फडक्यातून गाळून घ्या, दुधाइतका पातळ करा आणि पकड यावी म्हणून त्यात फेविकॉलसारखा डिंक मिसळा. मारायचा संध्याकाळी ऊन उतरल्यावर, आधी गच्चीवर पाणी शिंपडून, कारण तापलेल्या कोरड्या स्लॅबवर मारला की लगेच सुकतो आणि पावडर होऊन हाताला येतो. जिन्याच्या लांबच्या कोपऱ्यातून सुरू करत जिन्याकडे या, नाहीतर स्वतःच कोपऱ्यात अडकाल. पहिला हात उभा, सुकल्यावर दुसरा आडवा. जाड थापू नका, जाड थर पापडासारखा सोलतो. दुसऱ्या दिवशी दुपारी वर जाल तर गॉगल घाला, डोळे दिपतात. पावसाळ्यात बराच धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो, पण खर्च बघता काही तक्रार नाही.

दरवर्षी कटकट नको असेल तर कूल रूफ पेंट. इथे डब्यावर एसआरआय नावाचा आकडा शोधा (रंग ऊन किती परतवतो आणि उष्णता किती सोडतो हे तो सांगतो), तो शंभरच्या जवळ किंवा वर असला तर चांगला. आणि दुकानदाराला विचारा की हा आकडा नव्याचा की तीन वर्षांनंतरचा, बहुतेक वेळा तो तुमच्याकडे बघत राहील. धुळीने पांढरेपणा उतरतोच, म्हणून वर्षातून एकदा, होळीच्या आसपास, झाडू-पाणी मारून धुवा, गेलेला बराचसा पांढरेपणा परत येतो. साधा भिंतीचा पांढरा रंग गच्चीवर मारायचा शहाणपणा करू नका, तो पाणी आणि पायाखाली टिकत नाही. आणि गळती असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, मग पांढरा, उलट केलं तर दोन्ही पैसे पाण्यात.

चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा थर, हा मला पेंटपेक्षा जास्त पटतो, वर्षानुवर्षं टिकतो, धुतला की पांढरा. फक्त रंगीबेरंगी तुकड्यांची नक्षी काढू देऊ नका, मिस्त्रीला फार हौस असते. खाली वीट-कोबा करणार असाल तर उतार आणि वॉटरप्रूफिंगसाठी चांगला, गारव्यासाठी त्याच्यावर फार भरवसा नको. विटा आणि सिमेंट, म्हणजे परत वजनच आणि परत तेच उशिरा सोडणं. जुन्या चार इंची स्लॅबवर कोबा चढवण्याआधी इंजिनिअरला दाखवा, गच्चीवर माती टाकून बाग करणाऱ्यांनी तर नक्कीच, सहा इंच ओली माती चौरस मीटरला अडीचशे किलोच्या वर जाते.

खरा अडथळा म्हणजे इन्सुलेशन, आणि यातला एक आकडा ऐकून मिस्त्री लोक विश्वास ठेवत नाहीत. दोन इंची थर्माकोल उष्णता जेवढी अडवतो तेवढी अडवायला काँक्रीट सात फूट जाड लागेल. सात फूट! तेव्हा नवीन घर बांधत असाल तर वॉटरप्रूफिंग झालं की गच्चीवर दोन इंची कडक एक्सपीएस बोर्ड (थर्माकोलचाच घट्ट भाऊ), त्यावर पातळ काँक्रीट, वर पांढरी टाइल, एवढं करा. बोर्ड स्लॅबच्या वर बसवायचा, म्हणजे स्लॅब स्वतःच तापत नाही आणि दिवस-रात्र आखडून-फुगून भेगाही कमी पडतात. ठेकेदार म्हणेल आतून पीओपी करू, स्वस्त पडेल. आतल्या सीलिंगने फरक पडतो, नाही असं नाही, पण वरचा स्लॅब तापतच राहतो. भाडेकरूला मात्र हाच पर्याय आहे. तेव्हा एक सांगतो, नुसत्या थर्माकोलच्या शीट्स उघड्या लावू नका, स्वयंपाकघरात तर अजिबात नाही, जाळ लागला की वितळून पेटते आणि धूर विषारी.

सावली ही सगळ्यात जुनी युक्ती आणि ती अजून चालते. मे महिन्यात नागपूरला सिग्नलवर हिरवी नेट बांधतात, तीच गच्चीवर दीड-दोन फूट वर ताणून बांधा, स्लॅबला टेकवून नको, मधून वारा गेला पाहिजे. सोलर बसवायचं मनात असेल तर आता बसवा, पॅनलखालची गच्ची सावलीत राहते हा फुकटचा फायदा. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा जाते, आणि पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजारांपर्यंत सबसिडी आहे. टेरेसवर पत्र्याची शेड केली तर स्लॅब सावलीत येतो, फक्त चारही बाजू उघड्या ठेवा आणि नगरपालिकेची परवानगी बघा. बाजू बंद करून तिथे खोली केली की ती खोलीच भट्टी झाली. गच्चीवर पाणी मारणं कोरड्या हवेत भारी काम करतं पण ज्या गावात टँकर येतो तिथे मी ते कोणाला सांगणार नाही.

पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा. या वर्षी चुना किंवा नेट, पुढच्या वर्षी पांढरा पेंट, आणि मोठं काम काढाल तेव्हा इन्सुलेशन. पत्रा असेल तर आधी पांढरा, मग फट ठेवून फॉइल, मग जमलं तर पफ. हिवाळ्यात घर जास्त गार पडेल का असं बरेच जण विचारतात. थोडं पडेल, पण डिसेंबरात सूर्य तिरपा असतो आणि आपल्याकडे थंडी दोन महिने, ऊन चार महिने, चादर एक वाढवा.

आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी टाकीत किंवा बोअरला सोडत असाल तर चुना मारलेल्या वर्षी पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर जाऊ द्या, पाइपला त्यासाठी वेगळा कॉक आधीच बसवून घ्या, जूनमध्ये प्लंबर सापडत नाही.